सातवी ओळ

परसोडीच्या आयटी पार्कात, चौथ्या मजल्यावर,
एप्रिल लागला की एसी हात टेकतो
आणि खिडकीत आम्ही खसचा कूलर बसवतो.
नियमात नाही. मालक बघतात, बोलत नाहीत.

त्या घरघरीत मला पहिल्यांदा दिसलं:
'काटा' नावाची फाईल वगळायच्या यादीत आहे,
सातवी ओळ, अक्षर न् अक्षर बरोबर,
आणि तरी रोज संध्याकाळी
कळमन्याहून बदलांचा गठ्ठा आला
की त्यात ही बसलेलीच,
पान मांडून.

निमजे सर तर्रीपोह्याची प्लेट सारत म्हणाले,
"यादी दारात उभ्या माणसासाठी असते, प्रणोती.
जो आधीच घरात बसून जेवून राहिला
त्याले यादी काय करणार?"

या अवजाराकडं दोनच शब्द:
ठेव, नाहीतर काढ.
मी काढ म्हटलं.
माझ्याकडं फाईल जागची हलली नाही,
फक्त तिच्यावरची नजर उठली.
मला वाटलं, झालं. डबा उघडला.
पाटोडीचा रस्सा होता, अजून कोमट.

इथली नजर उठली
की दुसरीकडं फाईलच पुसली जाते,
मुकाट्यानं, एकही प्रश्न न विचारता.
हे पुस्तकात आहे. मी वाचलंही होतं.

सकाळी सव्वासहाला हेमराज बांतेंचा फोन.
मागं पोती आपटल्याचा आवाज, कुणीतरी सलग शिंकतंय,
मिरचीचा लिलाव तोंडावर.
"मॅडम, काटा शून्य दाखवून राहिला.
चार पोते ठेवले, शून्य.
मी सोता चढून उभा राह्यलो, तरी शून्य.
मी आहो का नाही, बाप्पा?"

चहा न घेता जुन्या नोंदी उपसायला बसले.
सापडली. शेवटची, पूर्ण.
तिच्याखाली आदल्या दिवसाची,
तिच्याखाली त्याच्या आदल्या दिवसाची,
असं तीन वर्षं मागं,
एकेका आकड्याचा फरक:
तीनशे चाळीस ग्रॅम. तीनशे पंचावन्न. तीनशे दहा.
आणि शेजारी बांतेंचं एखादं वाक्य,
'आज ऊन लय, दोन नंबर जास्त दाखवते, कमी केलं.'
'रात्री पाणी आलं. वजनं ठेवून पाह्यलं.'
'पोरीचा पेपर होता, उशीर झाला. तरी तपासलं.'

वगळलेल्या फाईलमध्ये
एक माणूस रोज पहाटे काटा सरळ करत होता
आणि आमचं यंत्र,
नको म्हटलेलं असताना,
ते जपत होतं.

फाईल परत पाठवली. काटा बोलू लागला.

दुपारी सरांशी वाद घातला.
म्हटलं, निदान विचारावं तरी:
यादीत नाव आहे आणि नोंदही आहे,
कुणाचं ऐकू?
आणि एक तिसरा शब्द हवा,
ठेव नाही, काढ नाही,
जिथं आहे तिथं असू दे,
दुसऱ्याच्या घरातलं पुसू नको.
सर म्हणाले, "असा शब्द आणला
का त्याचीही यादी लागते, पोरी,"
आणि कूलरमध्ये पाणी ओतायला उठले.

सातवी ओळ मी खोडली.

संध्याकाळी बांतेंना सांगितलं,
तुमची वाक्यं वाचली, सगळी.
बराच वेळ पलीकडं नुसता हमालांचा गलका.
"तुम्हाले दिसते का ते?
मले तं सांगितलं होतं
का ही फाईल कोणी पाहत नाही."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला.
काटा त्यात होता.
तीनशे पंचेचाळीस ग्रॅम.
शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं.